दारातली तपासणी कुणासाठी?

मोठ्या दुकानातून बाहेर पडताना दारातला रखवालदार बिल मागतो, ट्रॉलीवरून नजर फिरवतो आणि कागदावर शिक्का मारतो. ट्रॉलीत आहे पण बिलात नाही, अशी वस्तू पकडणं हे त्याचं काम. बिलात दोनदा लागलेली आणि ट्रॉलीत एकदाच असलेली वस्तू पकडायला मात्र तिथे पगारी माणूस नसतो. ते काम न सांगता गिऱ्हाइकावर आलेलं आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकं कामावर रुजूच होत नाहीत.

दुकानदार लबाड असतात, असं मला म्हणायचं नाही. वस्तूची किंमत हल्ली दोन ठिकाणी असते: फळीच्या कडेच्या कागदी पट्टीवर आणि दुकानाच्या संगणकात. वेष्टनावरच्या बारकोडात सहसा किंमत नसतेच, फक्त वस्तूची ओळख असते. दर संगणक सांगतो. ऑफर संपली की संगणकातला आकडा क्षणात बदलतो. पट्ट्या बदलायला मात्र कुणाला तरी फळीफळीने फिरावं लागतं, आणि एखादी राहतेच. ती वाचून आपण तेलाची पिशवी उचलतो, काउंटरवर चढा दर लागतो. सुट्या मालाचंही तेच: पिशवीत कोलम आणि काट्यावर दाबलेला कोड बासमतीचा.

अशा चुका दोन्ही बाजूंनी होतात. पण दुकानाला तोटा करणारी चूक आज ना उद्या वर येण्याची शक्यता असते, कारण दुकानाचा हिशेब तपासायला माणसं असतात. आपल्याला तोटा करणारी चूक आपण पाहिली नाही, तर ती चूक उरतच नाही. ती विक्री होते. कुणाच्या मनात पाप नसतानाही पारडं असं एका बाजूला झुकत राहतं.

आणि आपण बघतो भलतीकडेच. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नाहीत ना, एवढं पाहिलं की आपलं समाधान होतं. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनी त्याला बंदी आहे, पण मोठ्या दुकानाचं सगळं आमिष छापील किमतीच्या खालीच असतं. पाकिटावर 140, पट्टीवर 112. बिलात 140 लागले तर छापील किंमत ओलांडलेली नसते, त्यामुळे तो नियम इथे उपयोगाचा नाही. उपयोगी पडतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. दुकानात लावलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेणं हेही त्यात तक्रारीचं कारण मानलं आहे. पण 28 रुपयांसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढतो? फार तर 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन होईल.

22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा तर छापील किमतीचा आधारही सुटला. मूळ दर तोच धरला, तर 118 रुपये छापलेली वस्तू 105 ला मिळायला हवी. जुन्या वेष्टनावर मात्र 118च. ज्याने बिल वाचलं, त्यालाच फरक कळला.

तरी कायदा ही दुय्यम अडचण आहे. खरी अडचण भिडेची. मागे रांग, हातात कार्ड, आणि 'एवढ्याशासाठी काय थांबवायचं?' हा मनातला आवाज. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस छापून आलेल्या बिलापुढे एकदम उदार होतो. याला मी सभ्यपणा म्हणणार नाही. काही जण उलट काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवतात. दर तिने ठरवलेला नसतो आणि बदलायलाही तिला सहसा वरिष्ठाला बोलवावं लागतं. तिच्याशी सौम्य बोलावं, पण बोलावं. पट्टीचा मोबाइलवर फोटो असेल तर बोलणं दोन वाक्यांत संपतं. आणि चूक आपल्या फायद्याची असेल, तर तीही सांगावी. नाहीतर तो हिशेब नव्हे, शिकार झाली.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 2011 च्या कायद्यात या भिडेवर चांगला उतारा ठेवला आहे. लावलेल्या दरापेक्षा संगणकाने जास्त आकारले आणि ग्राहकाने 30 दिवसांत बिलासह ते दाखवून दिलं, तर फरक परत मिळतो आणि वर फरकाच्या दहापट बक्षीस, किमान 1 आणि कमाल 5 डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण बिल वाचणं हा तिथे चिक्कूपणा राहत नाही. दुकानाची चूक शोधून देण्याचं काम केलं, त्याचा तो मोबदला असतो. शिवाय पट्टी वेळेवर बदलण्यात दुकानाचाच फायदा होतो.

असा नियम आपल्याकडेही हवा, आणि ग्राहक संघटनांनी त्याचा आग्रह धरावा. तो येईल तेव्हा येईल. तुम्ही मात्र पुढच्या वेळी वस्तू मशीनखालून जात असताना मोबाइल खिशात ठेवा आणि काउंटरवरच्या पडद्याकडे बघा.