मतांची उसनवारी

पाडव्याच्या दुपारी आमच्या ओसरीवर जी बैठक जमते तिचे आमंत्रण कोणालाच नसते, आणि तरीही येणाऱ्यांत खंड पडत नाही. फराळाच्या बश्या आत गेलेल्या असतात, अडकित्त्याचा आवाज चाललेला असतो, आणि नव्या अंकांच्या कोऱ्या कागदाचा वास चिवड्याच्या वासात मिसळलेला असतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाला वाचनाची जोड मिळाली ती कायमचीच. म्हणून घटकाभरात कोणीतरी विचारतोच, "काय मास्तर, अलीकडे काय वाचलंत?"

प्रश्न अगदी साधा. एकेकाळी मलाही तो 'जेवण झालं का?' इतकाच सोपा वाटत असे. आता वाटत नाही. उत्तर देण्यापूर्वी मी थोडा घुटमळतो, आणि मंडळींना वाटते, मास्तर वयाबरोबर विसराळू झाले. त्या घुटमळण्याचे कारण आज सांगून टाकावे म्हणतो.

शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट येते. चकल्या नरम पडलेल्या असतात; तरीही आमच्या घरातून निरोप जातो, "चकल्या छान झाल्यात हं!" याला मी असत्य म्हणत नाही. हा सणाचा रिवाज आहे आणि त्याने कोणाचे नुकसान होत नाही. ज्याच्या दाताखाली चकली येईल त्याला तिचा निवाडा आपोआपच होतो. पुस्तकाचे तसे नाही. पुस्तक वाचायला चार-आठ दिवस लागतात, पदरचे पैसे लागतात आणि निवांतपणा लागतो. या तिन्हींची सर्वांनाच टंचाई. त्यामुळे आपण बहुतेक पुस्तके वाचतच नाही, त्यांच्याबद्दलच्या मतांवर भागवतो. तुम्ही ओसरीवर सहज बोललेले एक वाक्य ऐकणारा घरी घेऊन जातो, आणि कित्येकदा आयुष्यभर तेवढ्यावरच ते पुस्तक त्याच्या लेखी संपते.

आणि गंमत अशी की तुमचे ते वाक्यही तुमचे असतेच असे नाही. आमच्या आळीत वाटीभर साखर उसनी नेण्याची पद्धत आहे. नेणारी बाई ती उसनी म्हणूनच नेते आणि महिनाअखेर परत आणून देते. मतांची उसनवारी मात्र आपण कबूल करीत नाही. कोणाच्या तरी घरची साखर घालून केलेले लाडू आपण 'आमच्या घरचे' म्हणून वाढतो.

मी हा उद्योग पुष्कळ केला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापल्याही गेल्या. पण गावच्या वाचनालयात पदवीधर मंडळी बसली की माझ्या अंगावर मॅट्रिकचा सदरा आखूड होऊ लागतो. अशा वेळी आपल्याला काय वाटले यापेक्षा आपण काय बोललो असता शोभेल याचाच विचार मनात येतो. एकदा विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर बोलणे निघाले. १९३९ साली निघालेली ही लहानशी कादंबरी मी अर्धीच वाचून मिटली होती. पण आदल्याच आठवड्यात एका विद्वान गृहस्थांच्या तोंडून काही ऐकले होते. ते मी जसेच्या तसे टाकले : "बोटीवरचे प्रेमप्रकरण! बाकी त्यात काय आहे?" मंडळी हसली. मला बरे वाटले. सदरा चार बोटे लांब झाला.

त्याच महिन्यात मॅट्रिकच्या वर्गातली एक मुलगी वाचनालयातून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, हे वाचू का?" मी म्हणालो, "वेळ फुकट जाईल तुझा." तिने ते पुस्तक तशीच परत नेऊन दिले. गुरुजींचा शब्द!

आता गुरुजींच्या शब्दाचे वजन काय असते हे मला माहीत नव्हते असे नाही, कारण त्याखाली मी स्वतः एकदा दबलो होतो. माझ्या लहानपणी आम्हांला मराठी शिकवणारे शिक्षक विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे भक्त होते. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'तील उतारे ते असे वाचून दाखवीत की वर्गातला द्वाड मुलगाही चूप बसे. त्या 'माले'त शास्त्रीबोवांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला आहे. त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची यथेच्छ थट्टा केली आहे. ते फटकारे मला इतके आवडले की 'फुल्यांना लिहिता येत नव्हते' हे मत मी खिशात घातले आणि तिशी उलटेपर्यंत फुल्यांचे एक पानही उघडले नाही.

पुढे एका सुट्टीत, दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून, 'गुलामगिरी' उघडली. पुस्तक १८७३ चे. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी तेथील गुलामांना मोकळे केले त्यांना ते अर्पण केलेले आहे. मी तेथेच थांबलो. पुण्यातला एक माणूस सातासमुद्रांपलीकडच्या गुलामांची सुटका पाहतो, तिचा आपल्या माणसांच्या दुःखाशी संबंध जोडतो आणि तो आनंद नि ती आशा पुस्तकाच्या कपाळावर लिहितो! पुढे धोंडीबा विचारीत जातो आणि जोतीराव सांगत जातात. भाषा खडबडीत आहे, पण घाव बसलेला माणूस बोलताना विभक्ती-प्रत्यय सांभाळून बोलत नाही, एवढे मला मास्तर असूनही कळू नये?

मी शास्त्रीबोवांना दोष देत बसलो नाही. माझ्या मते त्यांचा निवाडा चुकला. पण त्यांनी ती पुस्तके स्वतः वाचली होती, आणि चुकलेले मतही त्यांचे स्वतःचे होते, त्याखाली त्यांचे नाव होते. चोर मी होतो. न वाचता ते मत मी वीस वर्षे माझे म्हणून मिरवले, आणि वर्गातल्या मुलांनाही वाटले. त्यांतल्या किती मुलांनी ते अजून खिशात ठेवले असेल, कोण जाणे.

याच्या उलट एक आठवण सांगतो. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला कोणीतरी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. स्वयंपाक आटोपल्यावर ती रोज थोडे थोडे वाची. पुस्तक संपल्यावर मी, पोरवयाच्या आगाऊपणाने, "कसं आहे?" म्हणून विचारले. ती म्हणाली, "मला सगळं नाही कळलं. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्या बाईला काय वाटलं असेल ते माझ्यानं वाचवेना, ती पानं मी भराभरा उलटली. पण बाई स्वतःची फजिती सांगायला लाजत नाही. चुलीपुढं बसून सांगितल्यासारखं वाटतं."

किती वाचले, काय सोडले, का सोडले, आणि जे उरले ते कसे वाटले, सारे त्या चार वाक्यांत आले. टीकाशास्त्राचा एक शब्द नाही. ते ऐकून मी पुस्तक उचलले, आणि आईने भराभरा उलटलेली पाने मात्र सावकाश वाचली.

कोणी म्हणेल, मास्तर, प्रत्येक पुस्तक पुरते वाचल्यावाचून तोंड उघडायचे नाही म्हणता, मग पाडव्याची बैठक मुकीच बसेल! तसे मुळीच नाही. 'अर्धेच वाचले', 'ऐकून माहीत आहे', 'अमक्यांचे मत असे आहे', एवढे तीन-चार शब्द जोडले की उसनी साखर उसनी म्हणून चालते. त्या शब्दांनी आपला मान चार बोटांनी कमी होतो खरा. तेवढी किंमत द्यायला आपण तयार नसतो, एवढीच अडचण आहे. लेखक म्हणून मी दुसऱ्या बाजूनेही तितकाच अपराधी आहे. एका लग्नाच्या पंगतीत एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमची कादंबरी वाचली, अप्रतिम!" आणि मठ्ठा वाढून होईतो हळूच विचारते झाले, "नाव काय हो तिचं?" मी नाव सांगितले, आणि खरे सांगायचे तर 'अप्रतिम' हा शब्द घरी जाऊन बायकोलाही सांगितला.

'रणांगण' परत करणारी ती मुलगी पुढे कॉलेजात गेली, लग्न होऊन परगावी गेली. गेल्या भाऊबीजेला माहेरी आली तेव्हा नमस्काराला आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या सांगण्यावरून नऊ वर्षं मी ते पुस्तक हातात धरलं नाही. परवा सहज मिळालं म्हणून वाचलं. ती हॅर्टा... गुरुजी, तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. कुतूहल होते, आणि थोडी काळजी. आपले गुरुजी असे कसे म्हणाले असतील, याची. मी म्हणालो, "हो. फार वर्षं झाली त्याला."

त्या रात्री वाचनालयाच्या कारभाऱ्यांना उठवून मी पुस्तक आणले आणि एका बैठकीत संपवले. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली ती बोट. चक्रधरला मुंबईला उतरायचे आहे, कारण त्याला देश आहे. आणि हॅर्टा ज्यू आहे, तिला उतरायला जागा नाही. मी ज्याला प्रेमप्रकरण म्हणून हसलो होतो ते घर हिरावून घेतलेल्या माणसांचे दुःख होते. नऊ वर्षे मी त्या दाराशी उभा राहून एका मुलीला 'आत काही नाही' म्हणून सांगत होतो, आणि आत मी गेलोच नव्हतो.

या भाऊबीजेला ती पुन्हा येणार आहे. घरात लाडू वळणे चालू आहे. मी तिच्यासाठी 'रणांगण'ची एक प्रत आणून ठेवली आहे. पण ती देण्यापूर्वी एक वाक्य बोलायचे आहे. 'नव्हतं वाचलं, बाळ.' केवढेसे वाक्य! चार दिवस मनाशी घोकतो आहे, तरी अजून नीट पाठ होत नाही.