न मोजलेला प्रेक्षक

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र मी वरचेवर उघडतो ते त्यातील एका श्लोकासाठी. चित्र पाहणाऱ्यांचे वर्ग तिथे मार्मिकपणे पाडले आहेत: आचार्य रेखेची प्रशंसा करतात, विचक्षणांना वर्तना, म्हणजे छायाप्रकाशाचा चढउतार, भावतो, स्त्रियांना अलंकरण हवे असते आणि उरलेल्या जनांना रंगांची समृद्धी. शतकानुशतके टिकलेल्या या विभागणीत मूल कुठेच नाही. मुलासाठी म्हणून वेगळे चित्र असू शकते, ही कल्पनाच त्या जगात नव्हती. भित्तिचित्रे विहारांची आणि मंदिरांची होती, लघुचित्रे दरबारी बस्त्यांत बांधलेली असत, आणि आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसमोर मुले बसत ती मोठ्यांच्या मांडीला टेकून, मोठ्यांसाठी चाललेल्या कथेत हळूच शिरून. मुलाच्या हातात मावणारे, त्याच्या एकट्याच्या नजरेसाठी काढलेले चित्र ही काळाच्या मानाने फार अलीकडची वस्तू आहे आणि ती छापखान्याच्या पोटी जन्मली आहे. म्हणून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्याचे आयुष्य शाई, धातू आणि यंत्र यांच्याशी जितके घट्ट बांधलेले असते, तितके क्वचितच दुसऱ्या कुणा चित्रकाराचे असेल. या न मोजलेल्या प्रेक्षकाला नेमके काय हवे असते, हा प्रश्न मनात आला की माझे पाऊल कलकत्त्याच्या राय घराण्याकडे वळते. त्या घरातील तीन पिढ्या या प्रश्नाचे उत्तर हाताने देत राहिल्या.

पहिले उपेंद्रकिशोर. १८६३ साली मैमनसिंह जिल्ह्यातील मसूआ गावी जन्मलेला हा ब्राह्म वृत्तीचा मनुष्य व्हायोलिन वाजवी, ताऱ्यांविषयी लिही, लुप्त झालेल्या प्राण्यांची ओळख मुलांना करून देई आणि स्वतःच्या लेखनासाठी स्वतः चित्रे काढी. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, त्यासाठी चित्रे काढली, आणि लाकडी ठशांतून ती छापून आली तेव्हा हाताने काढलेले आणि कागदावर उतरलेले यांतील अंतर त्यांना सहन झाले नाही. ज्या हळुवार छटांनी चेहऱ्याला चेहरेपण येते त्या सगळ्या कोरक्याच्या हत्याराखाली मेल्या होत्या. पुष्कळ लोक अशा वेळी मुलांच्या पुस्तकाला एवढे चालते असे म्हणून पुढे जातात, आजही जातात. उपेंद्रकिशोरांनी लंडनच्या पेनरोज कंपनीकडून उपकरणे मागवली आणि १८९५ साली स्वतःचा ब्लॉक करण्याचा व्यवसाय थाटला. मला या घटनेत एक अपूर्व गोष्ट दिसते. मुलांविषयीच्या ममतेने एका माणसाला प्रकाशविज्ञानाच्या गणितात उतरवले.

हाफटोनची किमया ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचे रूप थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्यात संवेदनशील पट्टीच्या किंचित पुढे एक काच बसवतात, जिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अत्यंत सूक्ष्म रेषांची जाळी असते. चित्राकडून येणारा प्रकाश त्या जाळीतून जाताना असंख्य बिंदूंत फुटतो आणि छापताना गडद जागी ते बिंदू फुगून एकमेकांना भिडतात, उजळ जागी आक्रसून विरळ होतात. मग तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर ते उतरवायचे आणि बिंदूंमधली मोकळी जागा आम्लाने खायची. यंत्र एकाच दाटीची शाई लावते, तरीही पाहणाऱ्याला राखाडीच्या शंभर छटा दिसतात. जाळी आणि पट्टी यांच्यात अंतर किती असावे, भिंगामागच्या छिद्राचा आकार कोणता, प्रकाश जाळीच्या कडेशी वाकतो त्याचा हिशेब कसा धरायचा, जाळीच्या रेषा काटकोनाऐवजी ६० अंशांनी छेदल्या तर काय साधेल, अशा प्रश्नांवर उपेंद्रकिशोर कलकत्त्यात बसून विचार करत होते आणि १८९७ पासून त्यांचे लेख पेनरोजच्या वार्षिकांत प्रसिद्ध होत होते. युरोपातल्या कार्यशाळा दूर, सोबतीला तज्ज्ञ मंडळ नाही. होती ती एक अस्वस्थता, आपल्या चित्रातली सावली मुलापर्यंत सावली म्हणूनच पोचली पाहिजे ही. चित्रसूत्रकाराने विचक्षणांच्या वाट्याला दिलेली वर्तना ही अशी एका जाळीतून गाळून बालकांच्या वाट्याला आली. आणि त्या जाळीनेच मला एक सत्य शिकवले: छटा कागदावर नसतेच. कागदावर बिंदू आहेत आणि बिंदूंमधले कोरेपण आहे. त्यांना जोडून गाल, मेघ, नदीचे पाणी करणारा डोळा पाहणाऱ्याचा आहे, आणि चित्रकाराचे सारे परिश्रम त्या डोळ्याच्या औदार्यावर विसंबून असतात.

त्याच दशकात आपल्याकडे मुंबईत आणि मग मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना देवदेवता घरोघरी पोचवत होता; पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले. बंगालमध्ये १९१३ च्या वैशाखात उपेंद्रकिशोरांचे 'संदेश' निघाले. पुढे १०० गडपार रोडवर राहते घर आणि छापखाना एकाच छपराखाली आले. अशा घरात वाढलेल्या मुलाला चित्र ही भिंतीवर टांगायची वस्तू वाटणे शक्य नाही; ते त्याच्यासमोर ओले असताना येते, टर्पेंटाइनच्या वासासह.

सुकुमार राय हे त्या घरातले थोरले पुत्र. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकी आणि रसायन शिकलेले, १९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडन आणि मँचेस्टर येथे मुद्रणतंत्राचा अभ्यास करून आलेले, मित्रांसाठी 'नॉन्सेन्स क्लब' काढणारे. १९१५ च्या अखेरीस वडील गेल्यावर 'संदेश'चे संपादन त्यांच्याकडे आले, आणि महिन्याच्या अंकाला जे जे लागेल ते ते, कविता, नाटुकली, विज्ञानावरचे लेख आणि त्यांची चित्रे, त्यांच्या हातून उतरत गेले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. वडिलांनी वर्तना साधली होती. मुलाने छटांचा तो सारा वारसा जणू बाजूला ठेवला आणि आचार्यांना प्रिय असलेल्या रेखेकडे, उघड्या, आधाराविना उभ्या राहणाऱ्या रेखेकडे तो गेला.

सुकुमारांच्या 'आबोल ताबोल' या कवितासंग्रहातली चित्रे माझ्यापर्यंत शब्दांच्या आधी पोचली. बांगला लिपी मी अडखळत वाचतो, त्यामुळे मजकुराशी झुंज चालू असताना डोळा चित्रातच रमून राहिला. बदक आणि साळिंदर मिळून झालेला हांसजारू, बगळा आणि कासव यांचा बकच्छप, हत्ती आणि देवमासा यांचा हातिमी: या प्राण्यांकडे मी पाहत राहतो ते त्यांच्या सांध्यांसाठी. एक देह कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते शोधू गेले तर सापडत नाही. वजन कोणत्या पायावर पडले आहे, मान कशी वळेल, हे सगळे त्या रेषेला ठाऊक आहे. काकांच्या यंत्राचे चित्र घ्या, ज्यात माणसाच्या खांद्यांना एक सांगाडा बांधलेला असतो आणि तोंडापुढे लटकणाऱ्या खाऊच्या मागे तो अखंड चालत राहतो. ते चित्र एखाद्या अभियंत्याने काढावे तसे काढले आहे, कारण ते यंत्र चालले पाहिजे. मला वाटते, न मोजलेल्या प्रेक्षकाची मागणी इथे प्रथम नीट ऐकली गेली. मूल अशक्य गोष्ट निमिषात स्वीकारते, पण एकदा स्वीकारली की तिचे हिशेब चोख मागते. हत्तीचा देवमासा झाला याला त्याची हरकत नसते. मग तो पाण्यात राहतो की रानात, हे मात्र त्याला कळलेच पाहिजे. रेखा, वर्तना, अलंकरण, रंग यांपैकी एकाच गोष्टीवर ते समाधान मानत नाही, कारण चित्राकडे ते चित्र म्हणून पाहतच नाही. तिथे राहायला जाता येईल का, एवढेच ते पाहते.

संकरित प्राण्यांची आपल्या देशाला ददात कधीच नव्हती. ओडिया महाभारतातला नऊ प्राण्यांच्या अंगांनी घडलेला नवगुंजर आहे, दक्षिणेतल्या मंदिरांच्या खांबांवर झेपावणारे व्याल आहेत, आणि आपल्याकडे कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड पायांत हत्ती धरून उभे आहेत. ते सारे मिश्रण सामर्थ्यासाठी झाले. एका देहात न मावणारा पराक्रम दाखवायला दोन देह लागले. सुकुमारांच्या हातून तीच प्राचीन युक्ती भयातून सुटली. भरतमुनींनी हास्याच्या मुळाशी विकृत वेष आणि विकृत अलंकार सांगितले आहेत, पण सुकुमारांच्या रेषेत विकृतीचा उपहास कुठे जाणवत नाही. हांसजारू स्वतःच्या रूपाला शरमत नाही. वडिलांनी 'सेकालेर कथा'त लुप्त प्राण्यांची खरी चित्रे काढली होती. मुलाने हेशोराम हुशियारच्या रोजनिशीत सदा रुसलेला गोमडाथेरियम काढला, आणि तो त्याच पद्धतशीर गांभीर्याने काढला. एका पिढीचे शास्त्र दुसऱ्या पिढीच्या खेळाची भूमी कसे होते, याचे याहून निर्मळ उदाहरण मला माहीत नाही. ज्याने हाड कसे वळते ते पाहिले आहे, त्यालाच नसलेले हाड वळवता येते.

१९२१ मध्ये त्यांना काळा आजार जडला. त्याच शहरात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी त्या रोगावरचे युरिया स्टिबामाइन सिद्ध करत होते, पण ते औषध सर्वदूर पोचण्याआधीचे हे दिवस होते, आणि सुकुमारांना आपल्यापुढे काय आहे याची जाणीव होती. त्या अडीच वर्षांत ते अंथरुणावरून 'संदेश'साठी लिहीत आणि चित्रे काढत राहिले. 'आबोल ताबोल'ची जुळणी, चित्रे, मुखपृष्ठ, पानांच्या शेवटी येणाऱ्या छोट्या आकृती हे सारे त्यांनी तिथेच पडून सिद्ध केले. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले तेव्हा वय ३५ होते. पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी निघाले.

या नऊ दिवसांविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. मृत्यू समीप असताना माणसे स्तोत्रे रचतात, हिशेब मिटवतात, क्षमा मागतात. हा मनुष्य पानाच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेत कोणती आकृती बसेल ते ठरवत होता. याला कुणी पलायन म्हणेल. मला ते कर्तव्याचे सर्वांत कोवळे रूप वाटते. वेदना स्वतःची असते, ती वाचकाला द्यायचीच असा नियम नाही, आणि वाचक पाच-सात वर्षांचा असेल तेव्हा तर ती आपल्यापाशी ठेवून रेषा हसरी काढणे हे फार मोठ्या संयमाचे काम आहे. त्या चित्रांत मी आजाराची खूण शोधली आहे. थरथर नाही, घाई नाही. ज्या हाताला उद्याची शाश्वती नव्हती त्या हाताने रामगरुडाच्या पिल्लाच्या रुसव्याची एकेक वळी सावकाश काढली आहे, जणू काळ हवा तेवढा शिल्लक आहे. मुलांचा काळ तसाच असतो, अमर्याद. त्यांच्यासाठी काढणाऱ्याला काही क्षण तरी त्या काळात राहावे लागते, आणि कदाचित सुकुमारांना तिथे विसावा मिळाला असेल.

सुकुमार गेले त्या वेळी त्यांचा मुलगा सत्यजित दोन वर्षांचा होता. पुढे त्याने बालपणाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत गडपारचा छापखाना आहे: काहीबाही रेघोट्या काढलेला कागद घेऊन तो कॅमेरा सांभाळणाऱ्या कारागिराकडे जाई, हे 'संदेश'साठी आहे असे बजावून सांगे, आणि तो भला माणूस मान डोलावून त्याला उचलून कॅमेऱ्याच्या काचेवरची उलटी प्रतिमा दाखवी. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्यवसाय बुडाला, घर गेले, यंत्रे परक्यांची झाली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकत असताना सत्यजित अजिंठा, वेरूळ, घारापुरी पाहून गेला. मग जाहिरात संस्थेतली नोकरी आणि सिग्नेट प्रेसच्या पुस्तकांची सजावट. १९४४ च्या सुमारास 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची, 'आम आँटिर भेँपू'ची, चित्रे त्याच्याकडे आली, आणि ती काढता काढता त्या कथेचा चित्रपट त्याच्या मनात आकार घेऊ लागला. पुढे निर्मात्यांकडे जाताना त्याच्या हातात रूढ अर्थाची पटकथा नव्हती, शाईने रेखाटलेल्या चित्रांची वही होती. ती चाळून अनेकांनी परत दिली. शब्दांशिवाय पाहणे मोठ्या माणसांना किती अवघड जाते, आणि मुलाला किती सहज!

१९५५ मध्ये तो चित्रपट आल्यावर जगाने त्याला ओळखले, आणि १९६१ मध्ये त्याने सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह 'संदेश' पुन्हा सुरू केले. आजोबांच्या कॅमेऱ्याचा, वडिलांच्या टेबलाचा मागमूस उरला नव्हता. ब्लॉक आता बाहेर कुठेतरी होत. तरी त्याच्या कथांतल्या प्रोफेसर शंकूच्या प्रयोगशाळेतली उपकरणे, फेलूदाची उभी राहण्याची ढब, अंकांची मुखपृष्ठे आणि शीर्षाक्षरे हे सगळे त्याने स्वतःच काढले, आयुष्यभर, एका चित्रपटाच्या आणि दुसऱ्या चित्रपटाच्या मधल्या वेळात. त्याच्या चित्रपटांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या चित्रांवर लिहिले गेलेले नाही, आणि याचा मला खरोखर खेद वाटतो. १९६९ मध्ये 'गुपी गाइन बाघा बाइन' त्याने पडद्यावर आणला तेव्हा मूळ कथा आजोबांची होती, त्यांच्याच चित्रांसह पहिल्या 'संदेश'मध्ये आलेली. चित्रपटातला भुतांचा नाच मी पाहतो तेव्हा मला त्यात काळ्या आणि पांढऱ्याचे ते जुने द्वंद्व दिसते, थरथरणाऱ्या आकृती, प्रकाशाने कुरतडलेल्या कडा. आणि या नातवाने आजोबांचे ते तांत्रिक लेखही कधीतरी शांतपणे बसून वाचले असतील, अशी माझी समजूत आहे.