उचलणारे हात

माजूर माणसाने व्यायाम करावा असे कोणी म्हटले की आमच्याकडे लगेच ऐकू येते, 'आता कशाला त्रास देता बिचाऱ्याला?' या बोलण्यात दया असते. पण ती दया कोणाच्या कामाची, हे आम्हाला फार उशिरा कळले.

खालापूरकडचे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आंब्याच्या झाडावरून पडले. मज्जारज्जूला मार बसला, कमरेखालची ताकद आणि संवेदना गेली. घरच्यांनी खाट खिडकीशी लावली. पाणी हातात, जेवण हातात. वर्षभरात दंड वाळले आणि माकडहाडाशी जखम झाली. दुखलेच नाही, म्हणून कळली नाही. बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा पुढे झुकून अंग मोकळे करायचे असते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. माया होती, माहिती नव्हती.

इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून अशा जखमींना अंथरुणातून बाहेर काढले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

अशी उदाहरणे आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने सांगतो. पण मग जो खाटेवरच राहिला, त्याची जिद्द कमी पडली, असे म्हणायचे काय? पेटकरांच्या जिद्दीमागे लष्कराचे उपचार होते, तलाव होता, शिकवणारे होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक किशोरवयात व्हीलचेअरवर आल्या. त्यांनाही स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाणांनी आधी वाट दाखवली. 'चाकाची खुर्ची' लिहिणाऱ्या नसीमाआपांनी पुढे १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था उभारून तीच वाट इतरांसाठी रुंद केली. जिद्द एकट्याची नसते.

आजचे तज्ज्ञ मज्जारज्जूची इजा झालेल्या प्रौढांना सांगतात की, आठवड्यातून किमान दोनदा २० मिनिटे दम लागेल अशी हालचाल आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करा. मागणी फार नाही. पण खुर्ची ढकलायला सपाट रस्ता लागतो. कर्जतच्या मे महिन्यात सावली आणि पाणीही लागते, कारण इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि ताप चढतो.

त्या गृहस्थांना एकदा आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचलून कर्जतला एका लग्नाच्या हॉलमध्ये, दहा पायऱ्या वर नेले. लोकांनी शाबासकी दिली. परतताना ते म्हणाले, 'सर, सवाब तुम्हाला मिळाला. माझे हात मात्र मांडीवरच राहिले.' आम्ही गप्प झालो. पायऱ्यांशेजारी उतार असता, तर घाम त्यांनी गाळला असता आणि ते वर पोहोचले असते ते स्वतःच्या बळावर.

उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवे होऊन नमाज अदा करावी, हे आमच्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. याला आम्ही फक्त सवलत समजत आलो. खरे तर त्यात माणसाला वगळलेले नाही. त्याच्यासाठी रीत बदलली आहे. शरीर अमानत आहे, ती सांभाळणे त्याचे कर्तव्य, हे खरेच. पण सांभाळायला जागा देणे कोणाचे कर्तव्य? तिथे पायऱ्या बांधणारे आपणच आहोत.

आता ते गृहस्थ रोज अंगणात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलतात. उंबऱ्याशी सिमेंटचा उतार झाला आहे. आमच्या शाळेच्या दारात मात्र अजून तीन पायऱ्या आहेत.