प्रारब्ध आणि मालकाचे देणे

नेसरी परिसरातील, गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यातील तरुण कामासाठी गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, बेळगावला, गोव्याला जातो. तिथे गोदामात किंवा फौंड्रीच्या आवारात फोर्कलिफ्टखाली पाय सापडला, पॅलेटवरचा माल अंगावर आला, तर तो घरी परततो तेव्हा भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये असतात. पहिले, ‘भोग होता, भोगून संपला.’ दुसरे, ‘आता मालकाच्या मागे लागून काय मिळणार?’ पहिले वाक्य धर्माचे आहे, दुसरे व्यवहाराचे. पण ती अशी जोडून बोलली जातात, की पहिले मान्य केले म्हणजे दुसरे आपोआप पटावे. माझे म्हणणे असे की या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कर्मसिद्धांत मनापासून मानणाऱ्या माणसाला तर भरपाई मागण्याचे जास्तच कारण आहे.

आधी अपघाताकडे पाहू. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग झपाट्याने बाहेर फेकला जातो. गाडीची सवय असलेल्या माणसाला हे अंतर चटकन उमगत नाही. काटे वर उचलले की भाराचा तोल वर सरकतो आणि जरा उतार किंवा जोराचे वळण आले की यंत्र कलंडते. पुढचा माल उंच रचला असेल तर चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी, मागे येताना वाजणारा भोंगा, शिकलेला ऑपरेटर आणि दोन खेपांचे काम एका खेपेत न उरकण्याची शिस्त लागते. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी करायची असते किंवा न करायची ठरवायची असते. कारखान्यात पिवळी पट्टी नव्हती, ही गोष्ट जखमी माणसाच्या मागच्या जन्मात घडलेली नाही. ती या जन्मात, एका ठराविक माणसाच्या हिशेबात घडली आहे.

आपल्या परंपरेने हा फरक कधी नाकारलेला नाही. संयुत्त निकायातील एका सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मानेच, हे मत कसे वाटते? बुद्ध ते मत अमान्य करतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, हयगय, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. कर्म त्यात आहे, पण आठांपैकी एक म्हणून. धर्मशास्त्रातही हीच दृष्टी सापडते, आणि तीही अनपेक्षित ठिकाणी. मनुस्मृती विषमतेचा ग्रंथ म्हणून 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली आणि ते जाळणे योग्यच होते. तरीही तिच्या आठव्या अध्यायात वाहनाच्या अपघाताविषयी जे आहे ते पाहण्यासारखे आहे. वेसण तुटली, जू मोडले, ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले होते, अशा प्रसंगी दंड नाही. पण हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली आणि इजा झाली, तर दंड मालकाला, दोनशे पण. हाकणारा कसबी असेल तर मात्र जबाबदारी त्याची. शिवाय ज्याने अवयवाला इजा केली त्याने बरे होईपर्यंतचा खर्च द्यायचा. जन्माच्या उतरंडीला पूर्वकर्माचा टेकू देणाऱ्या या ग्रंथालाही अपघात झाल्यावर ‘त्याचे नशीब’ म्हणून विषय मिटवता आला नाही.

आता कर्मसिद्धांताचाच तर्क पुढे नेऊ. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पूर्वकर्माचा ओघ मानूनही माणसाला प्रयत्नाचे स्वातंत्र्य उरते, हा त्यांचा आग्रह. तो मान्य केला, तर पाय चिरडणे हे प्रारब्ध असू शकेल, पण त्यानंतर अर्ज करणे किंवा न करणे हे आजचे कर्म आहे आणि त्याचे फळ पुढे मिळणार आहे. मालकाचेही तसेच. त्याने टाळलेला खर्च हे त्याचे आजचे कर्म. पुनर्जन्म मानणाऱ्याच्या लेखी न फेडलेले ऋण मेल्यावरही सुटत नाही. मग जो मालक आषाढीला दिंडीला जेवण घालतो आणि आपल्या कामगाराचे देणे बुडवतो, त्याच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार श्रद्धावान माणसाने तरी करायला हवा. त्याच्याकडे देणे मागणारा कामगार त्याचे पारलौकिक अहित करत नाही.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतो. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप सर्वांत जड आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात, की पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज कशासाठी असेल ते कळत नाही. म्हणजे प्रारब्धाशी तडजोड कशाला, ते टाकूनच द्या. या सिद्धांताचा वापर कसा झाला याविषयी त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण रात्री दोन वाजता तुटलेल्या पायाच्या कळा सोसणारा माणूस ‘हे माझ्या वाट्याचे होते’ असे स्वतःला सांगून शांत होतो, तेव्हा ती शांती त्याच्याकडून हिसकावण्याचा अधिकार कुणाला आहे असे मला वाटत नाही. ज्याने सोसले, त्याने ते वाक्य स्वतःपुरते म्हणावे. सुपरवायझरने, ठेकेदाराने, गावातल्या पुढाऱ्याने ते त्याला ऐकवले, की त्याचा धर्माशी संबंध संपतो.

दुसरा आक्षेप साधकाचा. दावा लावायचा म्हणजे मनात राग धरायचा, कुणाला तरी दोषी ठरवायचे, सूड घ्यायचा. हा आक्षेप गंभीर आहे, पण कायद्याची घडण पाहिली की त्याचा जोर ओसरतो. 1837 साली इंग्लंडमध्ये प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यात खाटकाच्या गाड्यावर ज्यादा माल भरल्याने गाडा मोडला आणि नोकराची मांडी मोडली. न्यायालयाने मालकाची बाजू घेतली, कारण नोकराला धोका दिसत होता आणि तो नकार देऊ शकला असता. पोटासाठी राबणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्य असते हे गृहीत धरणारा तो निकाल म्हणजे प्रारब्धवादाचाच विलायती अवतार होता. आपल्याकडे या विचाराला पहिले मोठे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. आठवड्याची सुटी ही त्यातली प्रसिद्ध मागणी. पण त्यात हेही होते, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. ही मागणी सत्यशोधकाने करावी यात मला मोठा अर्थ दिसतो. देव आणि माणूस यांच्यामधला दलाल नाकारणाऱ्या चळवळीने जखम आणि मालक यांच्यामधले दैवही बाजूला सारले.

1923 च्या भरपाई कायद्याने हे तत्त्व स्वीकारले. इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली एवढे पुरे. मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. नशा केली होती, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला होता, असे बचाव मालकाला आहेत, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ कारखानदार सुटत नाही. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असला तरी गाभा तोच आहे. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) वर्गणी भरलेला कामगार मालकाऐवजी महामंडळाकडे हक्क मागतो, एवढाच काय तो फरक. म्हणजे अर्जदाराला कुणाचा द्वेष करावा लागत नाही, कुणाला दुष्ट ठरवावे लागत नाही. क्रोध न धरता हक्क मागता येईल अशी वाट कायद्यानेच करून ठेवली आहे.

शरीराची किंमत करणे हीन आहे, असेही म्हटले जाते. अंगठा गेला तर 30 टक्के, पंजा गेला तर 60 टक्के, असे परिशिष्ट वाचताना काटा येतो हे खरे. तीस वर्षांच्या कामगाराचा पगार महिना 15,000 धरला, तर जुन्या कायद्याच्या सूत्राने पूर्ण अपंगत्वाची भरपाई 18,71,820 रुपये होते आणि अंगठ्याची 5,61,546. पण हा भाव अंगठ्याचा नाही, त्या अंगठ्याने जे कमावले असते त्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात 1975 साली हे स्पष्ट केले. ओडिशात सिनेमागृहाचे काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. टक्केवारीच्या कोष्टकावर न थांबता न्यायालयाने विचारले, की एका हाताने सुतारकाम होते का? होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण. भरपाईही अपघाताच्या दिवसापासून देय. कायद्याने तिथे मांसाचा तुकडा मोजला नाही, एका माणसाचे कसब ओळखले.

राहिला मिठाला जागण्याचा प्रश्न. नेसरीच्या मातीत तो फार खोल आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी इथेच शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. महाराजांनी ठेवलेला ठपका त्यांना सहन झाला नव्हता. चाकराच्या निष्ठेची गोष्ट म्हणून हा प्रसंग आपण सांगतो, पण तिचा उत्तरार्ध धन्याचा आहे. महाराजांनी पुढे आपल्या पुत्राचा, राजाराम महाराजांचा, विवाह प्रतापरावांच्या कन्येशी, जानकीबाईंशी लावला. ती काही भरपाई नव्हती आणि तिला तसे म्हणणे गैर ठरेल. पण चाकर पडल्यावर धन्याचे त्याच्या घराशी नाते संपत नाही, एवढे त्यातून दिसते. मीठ दोन्ही बाजूंनी खाल्लेले असते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीला मी हलके लेखत नाही. हेलपाटे असतात, वकिलाची फी असते, आणि गावातल्या इतर पोरांची त्याच कारखान्यातली नोकरी जाईल ही भीतीही खोटी नसते. एखाद्याने हे सगळे तोलून, किंवा निव्वळ वैराग्याने, ‘मला काही नको’ म्हटले तर? इथे तुकाराम महाराजांची कथा आठवावी. कर्जखते इंद्रायणीत बुडवताना त्यांनी आधी वाटणी केली, असे परंपरा सांगते. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खते त्याच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःची. कारण त्या खतांवर कान्होबाचा संसार चालायचा होता. फोर्कलिफ्टखाली सापडलेल्या माणसाच्या भरपाईत त्याचा स्वतःचा वाटा किती आणि बायकोचा, शाळेतल्या पोरांचा, म्हाताऱ्या आईचा किती? स्टँप पेपरवर ‘माझे काही येणे नाही’ असे लिहून घेतलेला करार 1923 च्या कायद्याने सतराव्या कलमात रद्दबातल ठरवला आणि मृत कामगाराची रक्कम आयुक्तांमार्फतच वारसांना द्यावी असे बंधन घातले, ते याच जाणिवेतून. तेव्हा तडजोडीचा कागद समोर आला, की सही करण्याआधी त्या घरात कान्होबाच्या वाट्याची खते कोणती, हे वेगळे काढून ठेवायला हवे.