जुन्या संगणकातील अमानती

घर बदलताना माणूस प्रत्येक वस्तू निदान एकदा हातात घेतो. माळ्यावरचा तांब्याचा बधना, आजीचे पानदान, कुणीतरी ठेवायला दिलेली आणि परत न नेलेली पत्र्याची पेटी. ठेवायचे की द्यायचे, एवढे तरी त्या क्षणी ठरवावे लागते. संगणक बदलताना तेवढेही करावे लागत नाही. जुन्यातले सगळे निवडायचे, बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे, तिथून नव्यात ओतायचे. मधल्या वेळात जोहरची नमाज पढून, जेवून यावे, काम झालेले असते. न पाहता उचललेल्या या ऐवजात आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे यंत्र विचारत नाही आणि दुकानदारही सांगू शकत नाही.

हा प्रश्न अलीकडे अनेक घरांत एकदमच उभा राहिला. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत ते नसते. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी घरगुती संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. (न बिघडलेल्या वस्तूला म्हातारी ठरवण्याचा हक्क कुणाचा, हाही एक नैतिक प्रश्नच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आमचा संगणक त्यांतलाच. त्याच्या आत त्याच्याही आधीच्या संगणकाचे सामान होते: ‘जुना बॅकअप’, त्याच्या पोटात ‘डेस्कटॉप २’, त्याच्या पोटात ‘न्यू फोल्डर ३’.

गल्लीत एकच संगणक असतो तेव्हा तो एका घराचा राहत नाही. त्या काळी मास्तरच्या घरी संगणक आणि प्रिंटर दोन्ही आहेत म्हटल्यावर मोहल्ला तिथे यायचा. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातल्या नावाची दुरुस्ती, आखाती देशात निघालेल्या पोरांचे बायोडेटा, निकाहच्या पत्रिका. हे सगळे निरुपद्रवी. पण त्याच फोल्डरांत एका बाईचा पोटगीचा अर्ज आहे, त्यात तिने घरात जे सोसले ते तारखांसकट आहे. दोन भावांमधल्या घराच्या हिश्श्याचा मजकूर आहे. आणि २००९ च्या रमजानात जकातीतून ज्या घरांत शिधा गेला त्या घरांची अर्ध्या पानाची यादी आहे. फोटो आणि चित्रफितींनी डिस्कचा बहुतेक भाग व्यापला होता. मोहल्ल्याचे हे सगळे कागद मिळून एक जीबीसुद्धा भरत नव्हते.

मुलाचे म्हणणे सरळ होते. “अब्बा, जागा आता स्वस्त आहे. निवडत कशाला बसता? सगळंच नेऊ, राहील एका कोपऱ्यात.” एका सहकारी शिक्षकाचा सल्ला नेमका उलटा होता: सगळे पुसून टाका आणि मोकळे व्हा. दोघांचेही मला पटले नाही, आणि दोघांच्या बोलण्यात मला एकच गोष्ट दिसली. निवडण्याचे कष्ट दोघांनाही टाळायचे होते. सगळे ठेवणाऱ्याला आपण जपतो आहोत असे वाटते, सगळे पुसणाऱ्याला आपण हात स्वच्छ केले असे वाटते. कागद कुणाचा, हे मात्र दोघेही पाहत नाहीत. जागा स्वस्त झाली हे खरे. पण उद्या हा नवा संगणक मुलाचा होईल, मग त्याच्या मुलांचा. त्या बाईने आपले दुःख मला सांगितले होते, माझ्या वारसांना सांगितलेले नव्हते.

आपल्याकडे अशा वस्तूला शब्द आहे: अमानत. सीरतच्या ग्रंथांत हिजरतीचा जो प्रसंग येतो तो मला या संदर्भात पुनःपुन्हा आठवला. ६२२ साली मक्का सोडताना पैगंबरांकडे (स.) लोकांच्या ठेवी होत्या. जिवावर उठलेल्या शहरातल्याच लोकांच्या त्या ठेवी. त्या ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले आणि मगच मदिनेकडे निघाले. स्थलांतर इतके घाईचे, इतके धोक्याचे असूनही ठेवी सोबत नेल्या नाहीत आणि टाकूनही दिल्या नाहीत. संगणकाची तुलना इतक्या थोर प्रसंगाशी कशाला, असे कुणी म्हणेल. तुलना संगणकाची नाही, ठेवीची आहे.

मात्र सोन्याची ठेव परत दिली की आपल्याकडे उरत नाही. फाइल परत दिली तरी उरते. किंबहुना पुसली तरी उरते. आपण ‘डिलीट’ करतो तेव्हा यंत्र सहसा फक्त ‘ही जागा आता मोकळी समजा’ अशी नोंद करते. तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर शोधून काढता येतो. झटपट केलेल्या फॉरमॅटचेही तसेच. म्हणून भंगारवाल्याला जुना संगणक देताना “मी सगळं पुसलंय” हे वाक्य प्रामाणिक असले तरी खरे असेलच असे नाही. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असेल तर तिच्यावर पूर्णपणे नवे लेखन करावे लागते. एसएसडीला तो उपाय पुरेसा भरवशाचा नाही, त्यासाठी कंपनीने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. नाहीतर सरळ छिद्रे पाडून तुकडे करावेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो, तेव्हा आत काय करायचे हे घरातल्यांनीच ठरवायचे.

ज्यांना विचारता येईल त्यांना मी विचारत गेलो. बहुतेकांना आठवतही नव्हते. एक खाला हसून म्हणाल्या, “अहो मास्तर, तो मुलगा आता स्वतः दोन पोरांचा बाप आहे, त्याचा बायोडेटा काय करू?” पोटगीवाल्या बाईने मात्र लगेच ओळखले. फोनवर पाठवू का म्हटले तर नको म्हणाली. फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो. कागदावर एक प्रत हवी, आणि मग माझ्याकडे काही राहू नये. तिच्यासमोर छापून दिले.

जकातीच्या यादीपाशी मी अडकलो. परवानगी कुणाची घ्यायची? त्या घरांत जाऊन “तुमचे नाव माझ्याकडे आहे, ठेवू की पुसू” असे विचारणे म्हणजे सोळा वर्षांपूर्वी झाकून दिलेली मदत उघडी करणे. त्यांतली काही मुले आज चांगल्या नोकरीत आहेत. आपल्या घरी तो शिधा आला होता हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. संमती घेणे हा हल्ली सगळ्या प्रश्नांवरचा उतारा समजला जातो. इथे विचारणे हाच विश्वासघात होता. मी न विचारता यादी पुसली.

हिश्श्याच्या मजकुराचे आणखी वेगळे. त्या घरातल्या बुजुर्गांनी एका मुलाविरुद्ध रागाच्या भरात पत्र सांगितले होते, मी टंकले, आणि छापायच्या आधी ते म्हणाले, “राहू दे.” आता ते हयात नाहीत. मालमत्तेचे वाटे शरीयतने बारकाईने सांगितले आहेत, न पाठवलेल्या पत्राचा वाटा कुणाला? ते वारसांचे मानले तर ज्याच्याविरुद्ध लिहिले तोही वारस आहे. माझ्या मते मागे घेतलेला शब्द ही मिळकत नव्हे. मुलगा म्हणाला, “पण अब्बा, तो राग खरा होता ना? उद्या कुणी मोहल्ल्याचा इतिहास लिहायचा म्हटला तर?” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही ‘राहू दे’ हे त्यांचे शेवटचे म्हणणे होते, आणि तेही तितकेच खरे. पत्र पुसले. मुलाला ते अजून पटलेले नाही.

याच्या अगदी उलट एक ठेव होती. गल्लीतल्या एका चाचांनी आपल्या आठवणी माझ्याकडून टंकून घेतल्या होत्या, साठेक पाने. बंदरावरची हमाली, गिरणीतली नोकरी, संप, गावी परतणे. नव्या संगणकावर फाइल पूर्ण सुखरूप आली, उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग उमटली. हे दुखणे मराठीत लिहिणाऱ्या अनेकांचे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे कितीतरी वर्षे श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर काम चालले. त्यांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट त्याच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो. फॉन्ट नसला की चेहरा गळून पडतो. उर्दूत इनपेजच्या जुन्या फाइलींचेही असेच होते, तो कार्यक्रम नसेल तर नस्तालीक दिसतच नाही. परिवर्तक मिळतात, पण ते जोडाक्षरांत फसतात. रफार भलत्या अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकते. ‘गिरणी’ची काय काय रूपे मी पाहिली ते सांगत नाही.

फाइल जपली, पण ती वाचता येत नाही, तर अमानत राखली म्हणायचे का? मला वाटते नाही. कुलूप लावलेली पेटी किल्लीशिवाय परत देण्यासारखे ते आहे. म्हणून रोज इशानंतर दोन-तीन पाने मूळ छापील प्रतीशी ताडून दुरुस्त करतो. चाचांच्या दोन्ही मुली परगावी असतात. झालेली पाने त्यांना पाठवतो. धाकटीने कळवले की वालिदांच्या तोंडी ‘फाळका’ नव्हे, ‘फाटका’ असा शब्द होता. तो मी तसाच ठेवला.

जुन्या संगणकाचा सांगाडा ई-कचरा घेणाऱ्यांकडे गेला. हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली आहे. तिला छिद्रे पाडायची आहेत, पण आम्ही अजून चौतिसाव्या पानावर आहोत.