आजचे चिंतन : चोर कोण?



आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

भगवंतांनी इथे फार कडक शब्द वापरला आहे. चोर. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना परत काहीच द्यायचं नाही, असं जो करतो तो चोर. म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरतो तो नव्हे, घेऊन देत नाही तो.

वाचन आटोपून खाली उतरलो. आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात इमारतीच्या कडेला जास्वंद आहे. पूजेची फुलं मी तिथूनच आणतो. आज तिथे एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून शेंडे खुडत होती. "हड, हड! चोरटी कुठली!" तोंडातून निघून गेलं. मग माझंच मला हसू आलं. झाड सोसायटीचं. मी तरी कुठे कुणाला विचारून फुलं तोडतो?

हसू टिकलं नाही, कारण आजीचं अंगण आठवलं.

माण तालुक्यातलं गाव, मे महिन्याची सुट्टी. आजी बाजेवर धोतर पसरून कुरडया वाळत घालायची आणि राखणीला मला बसवायची. गावात शेळ्या मोकळ्याच फिरायच्या. एका दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर शेजारच्या नानींची शेळी निम्म्या कुरडया फस्त करून उभी! रागाने मी दगड भिरकावला. तो पायाला लागला. शेळी ओरडली आणि लंगडत गेली.

संध्याकाळी नानी आल्या. एकट्या बाई, त्या शेळीचाच काय तो आधार. "माझ्या शेळीनं नुकसान केलं बघा," म्हणत त्यांनी पेलाभर दूध आजीपुढे ठेवलं. "कुठंतरी पाय बी मुरगाळून आलीया," असंही म्हणाल्या. मी गप्प. आजीने ते दूध मलाच दिलं. मी प्यालो.

१८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात हत्ती-उंटांपासून शेळी-करडांपर्यंत सगळी 'गुरं' धरली आहेत. शेतात शिरली की कोंडवाडा, आणि दंड मालकाला. ते चूकही नाही. ज्याचं पीक गेलं त्यालाही पोट आहे, आणि आजीच्या कुरडया काही फुकट आल्या नव्हत्या. पण कायदा बघतो कोण आत शिरलं. श्लोक विचारतो, घेतलंस, मग दिलंस काय?

शेळी देते. दूध देते, लेंडीखत देते. खतासाठी शेतात मेंढरं-शेळ्या बसवायला शेतकरी धनगरांना धान्य देऊन बोलावतात. नानींनीही दिलं, स्वतःच्या तोंडचं. त्या दिवशी घेऊन काहीच न देणारा एकटा मी होतो.

मन म्हणतं, अरे, लहान होतास. दगडापुरतं ते मान्य. रागात हात सुटतो. पण दूध मी शांतपणे प्यालो होतो. पुढे कितीतरी सुट्ट्यांना गावी गेलो, नानींना नमस्कार केला, खरं मात्र सांगितलं नाही. आता नानी नाहीत. दुसऱ्या कुणाला पेलाभर दूध देता येईल, तेवढं जरूर द्यावं. पण नानींना द्यायचं होतं ते खरं. ते देणं राहिलंच.

आज फुलं न तोडताच वर आलो.

पांडुरंगा, कुणाला चोर म्हणण्याआधी माझ्या हातातला पेला मला दिसू दे.