पंख असून न उडणारा

भाचीची अमेरिकेची बॅग भरत होतो. शेवटी आजीने दोन किलो आंबेमोहोर आणून ठेवला. भाची म्हणाली, "आजी, तांदूळ नेऊ देत नाहीत गं." आजीच्या ते मनाला लागलं. घरच्या तांदळाचं एवढं काय वावडं?

वावडं तांदळाचं नाही, खपऱ्याचं आहे. साठवलेल्या धान्याला लागणारा हा खपरा भुंगेरा मूळचा आपल्याच उपखंडातला मानला जातो. इंग्रजीतही त्याला 'खपरा बीटल'च म्हणतात. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पंख असून तो उडत नाही. प्रौढ भुंगेरा काही दिवसांतच मरतो. तरीही तो समुद्र ओलांडून गेला, कारण आपण त्याला नेलं.

खरी चिवट ती त्याची अळी. तपकिरी, केसाळ, फार तर तांदळाच्या दाण्याएवढी. गोणीच्या शिवणीत, फळीच्या फटीत शिरून बसते. खायला मिळालं नाही तर वाढ थांबवून पडून राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. अशा अळीवर औषधही सहज चालत नाही. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या धान्यगोदामात खपरा सापडला, तेव्हा अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागली. तो निपटून काढायला तेरा वर्षं गेली. ओझोनचा थर विरवणारा हा वायू. एका किड्याच्या प्रवासाची किंमत आभाळानेही मोजली. आणि तो धान्यातूनच जातो असंही नाही. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात तो नव्या फ्रिजच्या वेष्टनात निघाला.

अशा किड्यांना आपण घुसखोर म्हणतो. मला तो शब्द पटत नाही. घुसण्याचा इरादा किड्याला कुठला? व्यापार आपला, घाई आपली, लेकराला घरचा घास मिळावा ही मायाही आपलीच. तो फक्त फटीत बसलेला असतो.

आपणही हे सोसलं आहे. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला दिसला आणि पुढे आपल्याकडच्या बागांतही पोचला. पांढऱ्या कापसासारख्या थराखाली झाडं गेलेला शेतकरी विमानतळावरच्या तपासणीला अपमान म्हणणार नाही.

आजीला मी हे सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग तिने भरलेली बॅग पुन्हा रिकामी करायला लावली. अस्तराच्या शिवणीत बोट फिरवलं, तर मागच्या खेपेचे चार दाणे निघाले. किडा नव्हता, पण बसायला जागा तयार होती. तिने बॅग गच्चीवर नेऊन उलटी झटकली, दिवसभर उन्हात ठेवली आणि तांदळाच्या जागी गोडा मसाल्याची पुडी दिली.

तुमच्या घरातून कुणी परदेशी निघालं असेल, तर बॅग भरण्याआधी तिच्या शिवणी एकदा उजेडात धरून पाहा.